रानकोंबडी आणि करवंदाची जाळी

एका उंच डोंगराच्या पाठीवर असलेल्या जंगलात एक रानकोंबडी राहत असे. जंगल म्हटलं म्हणून, मुलांनो, लगेच झुळझुळ वाहणारे ओढे डोळ्यांसमोर आणू नका. इथं पाऊस चार महिने धो धो कोसळायचा आणि सगळाच्या सगळा खाली दरीत पळून जायचा. दिवाळी सरली की डोंगर कोरडा. मागं उरायचं ते कातळातलं एक कुंड, आणि त्या कुंडात राहणारं एक म्हातारं कासव. तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत साऱ्या जंगलाची तहान त्या एका कुंडावर भागायची. म्हणून तिथं एक रीत होती: काठावरून प्यायचं आणि निघायचं, पाण्यात अंग बुडवायचं नाही. मग तो बिबट्या असो नाहीतर चिमणी. रीत मोडणाऱ्याकडे कासव नुसतं टक लावून बघत राहायचं, आणि त्या बघण्याला बिबट्यासुद्धा वचकून असायचा.

रानकोंबडी होती मोठी टापटिपीची. सकाळी डोळे उघडले की तिचे पाय आधी कामाला लागायचे. खर्र खर्र उकरून, पालापाचोळा मागं उडवून ती आपल्यापुरती जागा अशी लख्ख करायची की मुंगीसुद्धा लांबून दिसावी. "घर कसं, अंगणावरून कळतं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. कुणी विचारलेलं नसायचं, तरीही.

एका साली फाल्गुनात वणवा आला. त्यात मोठी झाडं होरपळून का होईना वाचली, पण करवंदाच्या जुन्या जाळ्या मुळासकट जळून गेल्या. करवंदाची जाळी म्हणजे दाट, काटेरी झुडूप. रानकोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच जाळ्यांच्या पोटात अंडी घालत आल्या होत्या. आता डोंगर उघडा पडला. पुढच्या चैत्रात रानकोंबडीनं वाळक्या गवतात पाच अंडी घातली आणि ती खुडूक बसली. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येणार होती. एकोणिसाव्या दिवशी ती घोटभर पाण्यासाठी कुंडावर गेली, आणि परत येऊन बघते तो गवतात नुसती टरफलं. शेजारी घोरपड जीभ फिरवत बसली होती.

"राग मानू नकोस गं बाई," घोरपड म्हणाली. "मलाही पोट आहे. उघड्यावर ठेवलेलं ते माझं, झाकलेलं ते तुझं. जंगलाचा कायदाच आहे तसा."

रानकोंबडी त्या दिवशी खूप रडली. टरफलं अजून कोमट होती, तेच तिला सहन होईना. पण रडता रडता घोरपडीचं एक वाक्य तिच्या डोक्यात पक्कं रुतलं. झाकलेलं ते तुझं. म्हणजे झाकायला हवं. जाळी हवी. जाळी जळून गेली असेल तर ती पुन्हा लावायला हवी.

वैशाख संपता संपता ती डोंगराचा कणा ओलांडून पलीकडच्या रानात गेली आणि एक काळंभोर पिकलं करवंद चोचीत धरून परत निघाली. करवंदाचं बी फार दिवस ठेवता येत नाही, वाळलं की त्यातला जीव जातो. त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. दीड दिवसाची चाल, चोचीत गोड करवंद, आणि गिळायचं मात्र नाही! कोंबडीला हे किती जड गेलं असेल, ते तुमच्यापैकी ज्यांना देवापुढचा प्रसाद आरती होईपर्यंत सांभाळायला लागलाय त्यांनाच कळेल.

तिनं बी पेरलं ते एका म्हाताऱ्या हिरड्याखाली. उघड्यावर दुपारी अंडी भाजून निघाली असती, म्हणून तिला सावलीच हवी होती. त्या हिरड्यावर सातभाई पक्ष्यांचा थवा असायचा. सातभाईंचं तुम्हाला ठाऊकच आहे: उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"बाई गं, सावलीत काय उगवतं?" एकानं विचारलं.

"अंधार!" बाकीचे सगळे एका सुरात ओरडले, आणि फांदीवर लोळण घ्यायचे तेवढे राहिले.

पण बी उगवलं. पावसात दोन चिमुकली पानं आली, मग चार, आणि दिवाळीपर्यंत रोप तिच्या पायाच्या बोटाएवढं झालं. आता पुढचे कोरडे महिने! रानकोंबडी कुंडावर गेली.

"कासवआजोबा," ती म्हणाली, "मला छातीची पिसं पाण्यात भिजवू द्या. तेवढंच पाणी रोपाला नेते."

कासवानं डोळा मिटला, उघडला. "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, पोरी. पण थेंबे थेंबे उपसलं तर ते आटतंही. जेवढी पिसं भिजवशील, तेवढे घोट कमी पी. चालेल?"

"चालेल," ती म्हणाली.

आणि खरोखर तिनं ते चालवलं. तीन वर्षं रानकोंबडीनं त्या रोपासाठी जिवाचं रान केलं. उन्हाळाभर ती अर्ध्या तहानेनं राहायची. भिजलेली पिसं घेऊन चढण चढायची आणि रोपाच्या बुडाशी अंग झटकायची. आणि पाणी घातलं की लगेच झाडलोट. हिरड्याचं एकेक पान उचलून लांब फेकायचं, मुळाभोवतीची माती पायानं उकरून भुसभुशीत करायची. करवंदाचं अंगण असं लखलखीत ठेवायचं की बघणाऱ्यानं बघत राहावं.

रोप मात्र वाढेना. मेलं नाही, पण बाळसंही धरलं नाही. तीन वर्षांत ते जेमतेम तिच्या पोटापर्यंत आलं. पानं विटकी, फांद्या काडीएवढ्या. मग रानकोंबडी आणखी पाणी घालायची, आणखी झाडायची. दर चैत्रात ती त्या रोपाच्या आडोशाला मोठ्या आशेनं अंडी घालायची, आणि दर चैत्रात घोरपड येऊन ती खाऊन जायची.

"अंगण मात्र कित्ती स्वच्छ ठेवतेस गं," तिसऱ्या वर्षी जाता जाता घोरपड म्हणाली. "पायाखाली काही म्हणता काही वाजत नाही."

रानकोंबडीनं दुःखातही ते कौतुक म्हणून ऐकलं. आपण सगळेच असे असतो, मुलांनो. कौतुक दिसलं की त्याच्या आत काय आहे ते बघत नाही.

त्याच वर्षीच्या पौषात रोज सकाळसारखी ती झाडलोट करत होती. एक पाय जोरात मागं गेला आणि कळ डोक्यापर्यंत पोचली. करवंदाचा काटा अंगठ्यातून आरपार गेला होता. चोचीनं तिनं तो ओढून काढला खरा, पण रात्रीतून पाय सुजला. सकाळी टेकवताही येईना.

"तीन वर्षं तुला पाणी पाजलं," ती रोपाला म्हणाली, "स्वतः तहानलेली राहिले, आणि तू मलाच काटा मारलास?" रोपं बोलत नाहीत. ती त्याच्याशेजारीच अंग टाकून बसली, कारण दुसरीकडे जाण्याचं बळच नव्हतं.

मग बसावं लागलं. उकरता येत नाही, झाडता येत नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा लंगडत कुंडावर जायचं, घोट घ्यायचा, परत येऊन बसायचं. पिसं भिजवून आणायची ताकद कुठली? हिरड्याची पानगळ सुरू झाली होती. एक पान तिच्यासमोर पडलं. ते उडवून द्यायला तिचा चांगला पाय शिवशिवला, पण एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं उकरायचं तर दोन्ही पाय हवेत. पान तिथंच राहिलं. त्यावर दुसरं पडलं. आठवड्याभरात अंगण दिसेनासं झालं. वरून सातभाई ओरडले, "बाईंच्या घरी केर साचला हो!" रानकोंबडीनं लाजेनं मान पंखात घातली.

आणि एका सकाळी ती मान बाहेर काढून बघते तर काय?

नुकतंच उजाडलं होतं. दरीतून धुकं वर आलं होतं. करवंदाच्या प्रत्येक पानावर दव जमलं होतं. एक थेंब पानावरून घरंगळत टोकाशी आला, तिथं थांबला, जड झाला आणि खाली पाचोळ्यात पडला. टप. मग दुसऱ्या पानावरून, टप. मग हिरड्याच्या उंच फांदीवरून, टप. ती ऐकतच राहिली. सगळं झाड ठिबकत होतं, आणि हे रोज पहाटे होत असणार, ती झोपेतून उठून पाय चालवायला लागण्याआधी! थेंब पाचोळ्यात पडायचे आणि नाहीसे व्हायचे. कुठं जात होते?

तिनं चोचीनं वरचं पान हळूच उचललं. ते कोरडं होतं. त्याखालचं दमट. त्याखालचं ओलं आणि गार. आणि त्याच्याही खाली माती होती, काळी, मऊ, आणि तिला श्रावणातल्या मातीचा वास येत होता. महिना पौष, डोंगर सगळा वाळून कोळ झालेला, कुंडावर गर्दी, आणि इथं, तिच्या चोचीखाली, श्रावण होता! बुरशीचे पांढरे दोरे एका पानातून दुसऱ्या पानात गेले होते. एक गांडूळ सावकाश वळलं. आणि त्या सगळ्याच्या मधून करवंदाचं एक कोवळं मूळ, केसापेक्षा थोडंसं जाड, कातळाच्या भेगेत शिरत होतं. एवढंसं मूळ, आणि ते दगडात चाललं होतं.

तीन वर्षं रानकोंबडी ह्याच जागी राबली होती आणि तिला ह्यातलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. तिनं पान जसं होतं तसं परत ठेवलं, आणि कितीतरी वेळ चोच वर केली नाही.

मग तिला रोजचाच नाद लागला. ती बसून बघायची. दुपारी उन्हाचा एखादा कवडसा फिरत फिरत रोपावर यायचा, आणि रोप तेवढ्यावर भागवायचं. वारा सगळ्या डोंगरावरची धूळ उडवायचा, पण पाचोळ्याखाली त्याची बोटं पोचत नसत. तिनं उघडी केलेली जागा मात्र, रोपाच्या पलीकडची, अजून तशीच कोरडी ठक्क होती. आपण घातलेलं पाणी दुपारपर्यंत कुठं जात होतं, ते तिला तिथं बघून कळलं. आणि आपण रोज मायेनं काय तोडत होतो, तेही कळलं. तेव्हा तिला रडू आलं, पण ते आधीच्या रडण्यासारखं नव्हतं.

पुढच्या खेपेला तिनं कुंडावर कासवाला सगळं सांगितलं. "आजोबा, तिथं पाणी आहे! मी न घातलेलं पाणी! ते कुणी घातलं?"

कासवानं पाण्यातून मान वर काढली. "आणि कुंडातलं तरी कुणी घातलं, पोरी?" ते म्हणालं.

माघात पाय बरा झाला. पाय बरा झाल्यावर न उकरणं किती अवघड, हे कोंबडीलाच विचारा! तिचे पाय आपोआप चालायला लागायचे. मग ती दूर माळावर धावत जायची, तिथं पोटभर उकरायची आणि शांत होऊन परत यायची. त्या वर्षी तिनं अंडी घातली नाहीत. उन्हाळ्यात कुंड खूप खाली गेलं, कासवाच्या पाठीवर ऊन पडायला लागलं. रोपाची चार पानं पिवळी पडून गळाली. पिसं भिजवून धावावं असं तिला रोज वाटायचं. पण ती पान उचलून खाली बघायची, तिथं अजून गारवा असायचा, आणि ती पान परत ठेवायची. रोपानं एक थेंबही न मागता तो उन्हाळा काढला.

मग पाऊस आला आणि रोपानं अंग धरलं. एकेका फांदीच्या चार चार झाल्या. त्या खाली वाकून जमिनीला टेकल्या, एकमेकींत गुंतल्या. पुढच्या माघात आख्खी जाळी पांढऱ्या चांदण्यांनी भरली, आणि तिचा गोड वास हिरड्याच्या शेंड्यापर्यंत गेला. सातभाई पहिल्यांदाच गप्प बसले. "सावलीत!" त्यांच्यातला एक शेवटी पुटपुटला.

चैत्र सरता सरता रानकोंबडी जाळीच्या पोटात शिरली, आणि पाचोळ्यात तिनं पाच अंडी घातली.

अठराव्या दिवशी भर दुपारी ती पेंगत होती. तोच, कुर्र. तिनं डोळे उघडले. पुन्हा, कुर्र, कुर्र. वाळकी पानं बोलत होती. कुणीतरी येत होतं, पोट घासत, सावकाश. इतक्या वर्षांत घोरपडीची चाहूल तिला कधी लागली नव्हती. झाडलेल्या अंगणावर तिचं पाऊल वाजलंच नव्हतं! रानकोंबडी पिसं फुलवून अंड्यांवर घट्ट बसली आणि तिनं चोच रोखली. घोरपडीनं फांद्यांत मुंडी घातली मात्र, एक काटा तिच्या नाकात गेला आणि दुसरा गळ्याच्या मऊ कातड्यात. फुस्स करून ती मागं सरली.

"झाकलंस वाटतं," ती म्हणाली.

"झाकलं," रानकोंबडी म्हणाली.

"बरं. मी थांबते. वैशाख आहे. कुंडावर तर तुला जावंच लागेल." आणि घोरपड समोरच्या दगडावर पसरली.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. अंडी सोडून जावं तर घोरपड वाट शोधून आत येईल, न जावं तर जीव जाईल. तिसऱ्या दिवशी दुपारी रानकोंबडीची जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटाखाली एका अंड्यात टकटक सुरू झाली होती. आता उठायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. जे होईल ते होवो. तिनं मान टाकली आणि तिच्या डोक्यावर काहीतरी टपकन पडलं.

ते करवंद होतं. काळंभोर, पिकलेलं. तिनं वर पाहिलं. आठ दिवसांपूर्वी जी हिरवी टणक फळं होती, ती पिकून काळी झाली होती. चोच जाईल तिथं करवंद. ती अंड्यांत इतकी गुंतली होती, घोरपडीकडे इतकी बघत होती, की मान वर करून तिनं पाहिलंच नव्हतं! तिनं एक फोडलं. आंबटगोड, लालसर रस चोचीतून घशात उतरला. दुसरं. तिसरं. वैशाखातल्या भर दुपारी, पाण्यावाचून तडकलेल्या डोंगरावर, ती पोटभर प्यायली. आणि पिता पिता तिला ते भेगेत शिरणारं केसाएवढं मूळ आठवलं. दगडात जाऊन ते तिच्यासाठी हे घेऊन आलं होतं.

दगडावर घोरपडीचं तोंड वासलं होतं. "काय खातेस गं?" तिनं कोरड्या आवाजात विचारलं.

"पाणी पितेय, मावशी," रानकोंबडी म्हणाली.

मग घोरपड उठली आणि कुंडाच्या वाटेला लागली, कारण तहान तिलाही होती. संध्याकाळपर्यंत जाळीत पाच पिल्लं चिवचिवत होती.

पिल्लं चालायला लागल्यावर ती त्यांना घेऊन कुंडावर गेली आणि काठावर एक करवंद ठेवलं. कासवानं ते सावकाश चावलं. "हे पाणी माझ्या कुंडातलं नाही," ते म्हणालं.

"मग कुठलं, आजोबा?"

"एवढं आयुष्य गेलं, पोरी. मलाही अजून कळलेलं नाही."

परत आल्यावर पिल्लांतलं एक जाळीच्या बुडाशी गेलं आणि त्यानं आपला इवलासा पाय मागं ओढला. खर्र. आईचाच गुण, जाणार कुठं? रानकोंबडीनं त्याला पंखानं अलगद अडवलं.

"उकरायला माळ आहे," ती म्हणाली. "इथं आधी बस. पहाट होऊ दे, मग तुला एक गंमत ऐकवते."

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची, त्याच्याजवळ आधी गप्प बसून बघावं. काय द्यावं ते मग कळतं, आणि काय काढून घेऊ नये तेही कळतं.